पियानोच्या खर्जातली झणझण : तारेला हात लावायच्या आधी

दिवाळी आटोपली की नाशिकमधून मला दोन-तीन फोन हमखास येतात. सांगणारे वेगळे, तक्रार एकच. "डावीकडच्या पट्ट्या वाजवल्या की काहीतरी झणझणतंय. पावसाळ्यात नव्हतं हो." मी मुळात पेटीवाला. वडिलांच्या हाताखाली हार्मोनियमचे सूर घासत आणि भाते चिकटवत वाढलो. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातल्या पियानोला हात लावायला कुणी मिळेना, तेव्हा "पेटी येते ना, मग हेही जमेल" म्हणून मला नेलं आणि तिथून हे काम मागे लागलं. पेटीत हवा बोलते, पियानोत तार. दोघांचं नातं तसं काहीच नाही. पण लोकांना पट्ट्या दिसतात.

खर्जाची झणझण हा रोग मला इतक्यांदा भेटलाय, आणि शरणपूर रोडच्या एका घरी त्याने मला असं फसवलंय, की एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी तंबोरा आठवा. तंबोऱ्याला आपण मुद्दाम झणझण आणतो. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत राहायचं, आणि तार घोडीच्या पाठीला जेमतेम टेकू लागली की जवारी खुलते. तार पूर्ण टेकली तर आवाज मरतो, पूर्ण सुटली तर कोरडा होतो. पियानोतली नको असलेली झणझण हीच असते, फक्त चुकीच्या जागी. कुठेतरी काहीतरी अर्धवट टेकलंय. घट्ट बसलेला स्क्रू वाजत नाही आणि निघून खिशात ठेवलेला स्क्रूही वाजत नाही. वाजतो तो अर्धा सैल झालेला. शोधायचा आहे तो हा अर्धवट स्पर्श. तो तारेत असेलच असं नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा तो तारेत नसतो.

पियानोला ८८ पट्ट्या. सगळ्यात डावीकडची २७.५ हर्ट्झवर बोलते. इतका खाली सूर साध्या पोलादी तारेतून काढायचा तर तार खोलीबाहेर जाईल एवढी लांब लागेल, नाहीतर इतकी जाड की ती लोखंडी सळईसारखी वागेल. म्हणून पोलादाच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळून तिला जड करतात. अगदी खालच्या पट्ट्यांना अशी एकेक तार, त्यावरच्यांना दोन-दोन. मधल्या आणि वरच्या सप्तकात साध्या पोलादी तारा, प्रत्येक सुराला तीन. एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलोचा ताण असतो आणि सगळ्या मिळून १८-२० टन. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. पण पुढे तार सैल करायची वेळ येईल तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा, तो या आकड्यामुळे.

आवाज कसला आहे ते आधी ठरवा

फोनवर सगळेच "झणझण" म्हणतात. प्रत्यक्ष गेलं की पाच-सहा वेगळे आवाज निघतात आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा असतो.

सूर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याच्यासोबत भणभण चालू राहिली, माशी काचेवर आपटत राहावी तशी, तर तार, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी), साउंडबोर्ड (तारांमागची, आवाज मोठा करणारी पातळ लाकडी फळी) किंवा खोलीतली वस्तू. पट्टी सोडताना, सूर बंद होण्याच्या क्षणी झर्र वाजलं तर डँपर, म्हणजे पट्टी सोडली की तारेवर बसून सूर थांबवणारी गादी. तिचं फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, जुनं होऊन कडक झालेलं असतं आणि थरथरत्या तारेवर मऊ बसायच्या ऐवजी घासत बसतं. पट्टी दाबताना नुसती टक् ऐकू आली आणि ती सुराबरोबर लांबली नाही, तर तारेचा काही संबंध नाही. तारेवर आपटणाऱ्या हातोडीचं डोकं दांडीवर सैल झालंय, किंवा तिच्या सांध्याचा स्क्रू ढिला आहे, किंवा पट्टीच्या लाकडात ठोकलेलं शिसं हलतंय. सूर झणझणत नाही पण बद्द येतो, मडक्यावर थाप मारल्यासारखा, तर तारेत मळ आहे, त्याबद्दल शेवटाकडे. आणि पेडल दाबल्यावरच कुरकुर येत असेल तर खालचे दांडे आणि स्प्रिंगा बघा, वर काही शोधू नका.

डँपरचा संशय असेल तर ती पट्टी दाबून धरून त्या सुराचा डँपर बोटाने जरा मागे ओढा. भणभण थांबली तर चोर सापडला. उजवं पेडल दाबून सगळेच डँपर उचलता येतात, पण मग सगळ्या तारा एकदम गुणगुणायला लागतात आणि त्या गोंगाटात काही कळत नाही.

आता खरी युक्ती. यात पैसे लागत नाहीत, आणि तीच मी शरणपूर रोडला वापरली नाही.

झणझणणाऱ्या पट्टीवर थांबू नका. तिच्या आजूबाजूच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवा आणि कुठे कुठे आवाज येतो ते कागदावर लिहा. समजा डावीकडून १८वी पट्टी, म्हणजे खर्जातली पांढरी दोन (पेटीवाल्यांच्या भाषेत सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी), झणझणतेय. तिचा सूर ७३.४ हर्ट्झ. एक सप्तक वरची पांढरी दोन १४६.८. आणि १८वीच्या खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झ, जिची तिप्पट १४७. तारेच्या प्रत्येक सुरात त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपसूर मिसळलेले असतात. खोलीतली एखादी फोटोफ्रेम १४७ च्या आसपास थरथरणारी असेल तर तिला या तिन्ही पट्ट्या डिवचतात. म्हणून आवाज असा सा-प च्या नात्याने विखुरलेला दिसला, की पियानो बंद करा आणि खोली शोधा. एकाच पट्टीवर आवाज आणि तिचे सप्तकातले नातेवाईक गप्प, तर त्या सुराच्या तारा बघा. आणि शेजारशेजारच्या दोन-तीन पट्ट्या झणझणतात पण सप्तकातले नातेवाईक गप्प, तर एकाच जागी त्या दोन-तीन सुरांना आधार देणारं काहीतरी हललंय. बहुतेक वेळा घोडी.

खोलीतले चोर

नाशिकच्या घरांत पियानोवर काय नसतं? लग्नातले फोटो, पितळी समई, भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा गडू, शाळेतल्या स्पर्धेची ढाल. माझा नियम सरळ आहे: सगळं उतरवून दुसऱ्या खोलीत ठेवा. पियानोखालच्या सतरंजीवर नको, दुसऱ्या खोलीत. मग खिडकीच्या काचा, कपाटाची दारं, पंख्याची कटोरी, ट्यूबलाइटची पट्टी. एका घरी दीड तास गेला, शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरची पत्र्याची पट्टी निघाली.

घरात मोठा स्पीकर असेल तर सूर वाजवणारं एखादं ॲप फोनवर घ्या आणि स्पीकर पियानोशेजारी ठेवून ४० ते ३०० हर्ट्झ हळूहळू चढवत न्या. तुमचे हात मोकळे राहतात, वस्तू पकडून बघता येते. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर हे जमत नाही, तो १०० च्या खाली जवळजवळ मुका असतो.

खोली स्वच्छ निघाली की पियानोचा स्वतःचा संसार. वरच्या झाकणाच्या बिजागरीची सळई, नोटेशन ठेवायच्या फळीचे स्क्रू, जुन्या पियानोंना पुढे मेणबत्त्यांचे पितळी हात असतात ते. हे हात दिसायला सुंदर आणि स्वभावाने भांडखोर. एकेकाला बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्याला पट्टी वाजवायला सांगा. हे काम एकट्याचं नाही. घरातला कुणी दहा-बारा वर्षांचा मुलगा-मुलगी मिळाली तर सगळ्यात उत्तम, त्यांचे कान आपल्यापेक्षा बरे असतात.

उभ्या पियानोत गुडघ्यांसमोर जी मोठी फळी असते ती वरच्या बाजूला एका स्प्रिंगच्या पट्टीने अडकवलेली असते. पट्टी वर दाबली की फळी पुढे येते. आत टॉर्च मारा. मला आजवर मिळालेल्या वस्तू : पेन्सिली, केसांच्या पिना, रुपया-आठ आण्याची नाणी, एक सुकलेलं उंदराचं घरटं, आणि डांबर गोळ्या. डांबर गोळ्यांचं कौतुक वेगळंच. कसर फेल्ट खाते म्हणून लोक वरून मूठभर टाकतात. त्या झिजून वाटाण्याएवढ्या होतात, घरंगळत जाऊन साउंडबोर्डाच्या खालच्या कडेला अडकतात, आणि मग पियानो खर्जात तुणतुण्यासारखा वाजतो. गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पिशवीत बांधून लटकवा.

फळी परत बसवताना स्प्रिंगच्या टोकाला फेल्टचा तुकडा लावा. कित्येकदा झणझणणारी वस्तू ही स्प्रिंगच असते, आणि फळी काढली की आवाज जातो, बसवली की परत येतो.

तारच आहे, मग

एकच सूर, नातेवाईक गप्प, डँपर निर्दोष. आता तारेकडे या. दोन तारांचा सूर असेल तर रबरी पाचर घालून आधी एक तार गप्प करा, मग दुसरी. कुठली ते कळलं की टॉर्च धरून तिच्या पूर्ण लांबीवर नजर फिरवा. शेजारच्या तारेला टेकतेय का? तिच्या खालून तिरप्या जाणाऱ्या तारांना, किंवा लोखंडी चौकटीच्या कडेला? घोडीच्या पलीकडे, तार जिथे खालच्या खिळ्यात अडकवलेली असते तिथे, फेल्टची पट्टी शाबूत आहे का? ती कसरीने खाल्ली असेल तर तो छोटा तुकडा स्वतंत्र किणकिणायला लागतो. लोकरीची जाडसर पट्टी तारांमधून वरखाली विणून घातली की गप्प बसतो.

हे सगळं ठीक असेल तर तांब्याचा वेढा सैल झालाय. याची खूण : सूर वाजत असताना वेढ्याचं टोक, म्हणजे जिथे तांबं संपून नागडं पोलाद सुरू होतं ती जागा, चिमटीत हलकेच धरा. वरचं टोक धरून बघा, खालचं धरून बघा. एका जागी धरल्यावर भणभण विझते आणि सोडल्यावर परत पेटते. तिथले शेवटचे दोन-चार वेढे गाभ्यावर नुसते बसलेत, आवळलेले नाहीत.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे तारेला पीळ देणं. दोरीचा पीळ उलगडला की ती सैलसर फुगते आणि त्याच दिशेने पिळली की आवळते, इथेही तेच. खुंटी फिरवायच्या पान्याने तार उतरवायची. उतरवायचीच, आधी चढवून बघायची नाही. गंजलेली तार चढवताना तुटते. पहिला झटका खालच्या दिशेने दिला तर गंज सुटतो. साधारण एक फेरा उतरवला की खालचा फासा खिळ्यातून आकड्याने काढता येतो. खुंटीवरची गुंडाळी विस्कटू द्यायची नाही, ती परत तशी कधीच बसत नाही. फाशाला रंगीत चिकटपट्टीचा झेंडा लावा, म्हणजे किती फिरवलं ते दिसेल. मग तांब्याचे वेढे ज्या दिशेने आवळतील त्या दिशेने फासा फिरवून खिळ्यात परत अडकवा. आखूड तारेला अर्धा फेरा, लांब तारेला एक. दोनपेक्षा जास्त कधीच नाही, गाभा तुटतो. दिशा चुकली तर कळायला वेळ लागत नाही : झणझण दुप्पट होते. काढा, उलटं फिरवा.

फासा अडकवताना झेंडा परत उलगडू पाहतो. पक्कड सोडायची नाही. तार चढवली की ती दोन-तीन आठवडे उतरत राहते, तीन-चारदा सुरात आणावी लागते. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन येतो की "तुम्ही केलेली तार बेसूर झाली."

मावशींचा पियानो

शरणपूर रोडवरच्या मावशींकडे जर्मन बनावटीचा उभा पियानो आहे. आजोबांच्या वेळचा. प्रार्थनेची गाणी त्याच्यावर बसवत बसवत त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या शिकल्या. जानेवारीत गेलो तेव्हा १८वी पट्टी, वर सांगितली तीच पांढरी दोन, झणझणत होती. मी वरची समई उतरवली, आवाज जरा कमी झाल्यासारखा वाटला. मग दोन तारांतली डावी पकडली, वेढ्याचं टोक धरलं, आवाज विझला असं मला वाटलं, आणि पीळ दिला. तार परत घोडीवर बसवताना पितळी पट्टीने हलकेच ठोकून बसवली. झणझण गेली. मावशींनी चहा दिला, नातीने दोन गाणी वाजवून दाखवली, मी खुशीत घरी.

पुढच्या डिसेंबरात फोन. "भाऊ, तुमचा तो आवाज आलाय परत." माझा आवाज! गेलो. आता १८वीबरोबर १७वी, काळी एक, पण झणझणत होती. मी पुन्हा तारेलाच दोष दिला. दुसऱ्या तारेलाही पीळ दिला, पहिलीला आणखी अर्धा फेरा. काही उपयोग नाही. मावशी मागे उभ्या राहून म्हणाल्या, "होळीनंतरही येत होता तसा थोडा. पण मी उन्हाळ्यात पुण्याला मुलाकडे होते. जूनमध्ये आले तेव्हा पाऊस लागलेला, आवाज नव्हता. म्हटलं झालं असेल बरं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तांब्याचा वेढा पावसाळा ओळखत नाही. पावसाळा ओळखतं ते लाकूड. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मी मावशींच्या दिवाणखान्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर मोजलीय आणि एप्रिलच्या दुपारी त्याच जागी २५ च्या खाली. निफाडकडची थंडी सुरू झाली की हवा कोरडी व्हायला लागते, लाकूड आकसतं, आणि त्यातली चीर उघडते. पावसात फुगून तीच चीर मिटते.

स्क्रू ड्रायव्हर घेतला, नातीला १८वी पट्टी वाजवत राहायला सांगितलं, आणि खर्जाच्या घोडीवरच्या तिच्या खिळ्याला बाजूने नुसतं रेटलं. आवाज बंद. सोडलं, सुरू. पुन्हा रेटलं, बंद. नात हसायला लागली, तिला वाटलं मी जादू करतोय.

घोडीवर प्रत्येक तार दोन तिरप्या खिळ्यांमधून नागमोडी जाते. खिळे दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीचे, आणि ताणलेली तार त्यांना सतत बाजूला ढकलत असते. खिळे ओळीने एकाच रेषेत ठोकलेले असतात. सत्तर-ऐंशी वर्षं असं ढकललं की लाकूड त्या रेषेत उकलतं. भिंगातून बघितल्यावर १७वीच्या खिळ्यापासून १९वीच्या खिळ्याच्या जरा आधीपर्यंत केसाएवढी चीर दिसली. खिळा भोकात हलत होता, तार त्याला टेकत-सुटत होती. जवारी! पहिल्या वर्षी माझ्या पिळाने नव्हे, तार ठोकून बसवल्याने खिळा जरा सरकून घट्ट बसला होता, आणि श्रेय मी पिळाला दिलं. वेढ्याचं टोक धरल्यावर आवाज विझला तोही याचसाठी, की चिमटीत धरलं की तारेची थरथरच कमी होते. म्हणून आता मी टोक धरून बघतो आणि खिळा रेटूनही बघतो, दोन्ही. आणि त्याआधी कागदावर पट्ट्या लिहितो. १८वीचे सप्तकातले नातेवाईक गप्प आणि शेजारीण बोलती, हे लिहून पाहिलं असतं तर डिसेंबरातल्या पहिल्या पाच मिनिटांत घोडीकडे वळलो असतो.

चीर केसाएवढीच असली तर पातळ सुपरग्लू खिळ्याच्या मुळाशी सोडला की तो स्वतः आत शोषला जातो. पण उभ्या पियानोत घोडीही उभी, गोंद ओघळतो, आणि तो तांब्याच्या वेढ्यात शिरला तर तार कायमची मेली. उभा पियानो दोनशे-अडीचशे किलोचा, उताणा करायला चार माणसं आणि मजबूत पाठी लागतात. मावशींकडे मी दुसरा रस्ता धरला. १७वी आणि १८वी, दोन्ही सुरांच्या तारा उतरवून फासे काढले, तारा बाजूला बांधून ठेवल्या. खिळे पकडीने सरळ रेषेत ओढून काढले. वाकवून काढले तर भोक मोठं होतं. प्रत्येक खिळा कुठल्या भोकातला ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवलं. चिरेत ब्लेडने मळ काढला. हळू वाळणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी घोटून आगपेटीच्या काडीने भोकांत आणि चिरेत भरलं, खिळे परत ठोकले, वर आलेलं लगेच पुसलं. २४ तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घोडीचा माथा सपाट आहे ना ते बघून मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तार अडत नाही, आणि तारा चढवल्या.

चिरा मोठ्या असतील, खिळे उभे राहतच नसतील, तर घोडीचा माथा नवा बसवावा लागतो. ते सुतारकाम माझ्या पलीकडचं, मी करत नाही. तसंच साउंडबोर्डाच्या चिरेचं. सगळ्याच चिरा वाजत नाहीत. कित्येक पियानो हातभर चीर घेऊन सुखाने गातात. वाजते ती, जिच्या मागची आडवी लाकडी पट्टी गोंदातून सुटली आहे. पियानो भिंतीपासून पुढे ओढून मागून पट्ट्यांवर तळहात दाबत जा; कुठे दाबल्यावर आवाज थांबतो ते सापडेल.

बद्द तारा, नव्या तारा, आणि तेल

बद्द आवाजाच्या तारेला पीळ देऊन काही होत नाही. वेढ्यांमध्ये धूळ आणि गंज भरलेला असतो, त्यामुळे ती मोकळी वाकत नाही आणि वरचे उपसूर गिळते. उतरवा, फासा काढा, तारेचा मोठा वळसा करून तो वळसा खालून वर, वरून खाली सरकवत न्या. वेढे उघडतात-मिटतात आणि तपकिरी भुकटी खाली पडते. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, बघून समाधान वाटतं. पाच-सहा तारांपैकी तीन-चार सुधारतात, बाकीच्या तशाच राहतात.

तेल नको. दाराच्या बिजागरीला मारतात तो फवारा तर अजिबात नको. झणझण दोन दिवस कमी होते, कारण तेल अर्धवट स्पर्शाला ओलं करतं, मग धूळ चिकटते आणि तार बद्द होते. खुंट्यांपर्यंत ओघळलं तर लाकूड खुंटी धरेनासं होतं, आणि मग सगळा पियानोच सुरात राहत नाही. एका घरी हे बघितलंय. तिथे माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अगदी बुटक्या पियानोंत, ११० सेंटिमीटरच्या आसपास उंचीच्या, खर्जात एक गुरगुर असते जी वरच्या कुठल्याच उपायाने जात नाही. ती तारेची लांबीच्या दिशेने होणारी थरथर. ताण कमी-जास्त करून तिचा सूर हलत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला खरं सांगावं आणि पैसे घेऊ नयेत. हातोड्यांचं फेल्ट दगडासारखं झालं असेल तर तेही कर्कश वाजतं, पण ते सुया टोचून मऊ करण्याचं काम वेगळं आहे.

तार बदलायचीच वेळ आली तर जुनी तार फेकू नका, तीच नमुना. सोबत मापं : गाभ्याची जाडी, वेढ्यासकट जाडी, फाशापासून वेढा सुरू होईपर्यंतचं अंतर, वेढ्याची लांबी. फूटपट्टीने जाडी मोजू नका. अंबडच्या वर्कशॉपमधल्या एका मित्राने मला जुना मायक्रोमीटर दिला, तेव्हापासून मापं बरोबर जायला लागली. त्याच मित्राने एकदा हट्टाने तार घरीच करायची म्हणून लेथवर गाभा लावला आणि मोटर वाइंडिंगची तांब्याची तार त्यावर गुंडाळली. दिसायला इतकी देखणी, की फोटो काढला. चढवली, वाजवली, आणि पहिल्याच सुराला भणभण. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा गुळगुळीत थर असतो, तो गाभ्याला पकडतच नाही. शिवाय गोल गाभ्याची टोकं चपटी करून वेढा त्यावर आवळायला हवा, किंवा गाभाच षट्कोनी हवा. आमचा गोल आणि गुळगुळीत. ती तार आता त्याच्या टपरीवर कपडे वाळत घालायला आहे.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजावर मुळातून इलाज हवा असेल तर हवेकडे बघा. पियानो बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात नको. उन्हाळ्यात आत पाण्याची वाटी ठेवणारे लोक आहेत. सांडली की खालचं सगळं फुगतं, मी नको म्हणतो. पावसाळ्यात जुनी माणसं आत ४० वॅटचा बल्ब पेटता ठेवायची, ते बरोबर होतं. आता घरात एलईडी असतात आणि लोक तोच लावतात. उजेड पडतो, ऊब येत नाही. आर्द्रतेचा साधा डिजिटल मीटर आत ठेवा. ४० ते ५५ मध्ये आकडा राहिला तर लाकूड तक्रार करत नाही. नाशिकमध्ये वर्षभर तसं राखणं जवळजवळ अशक्य, पण टोकं थोडी कापली तरी फरक पडतो.

मावशींचा पियानो यंदा डिसेंबरात वाजवून बघितला, जानेवारीतही. १७वी, १८वी गप्प. समई परत पियानोवर आली आहे, तिच्याखाली फेल्टचा गोल तुकडा चिकटवलाय. १९वीचा खिळा मी तेव्हा काढला नव्हता, चीर त्याच्या अलीकडे थांबली होती. एप्रिलच्या कोरड्या दुपारी एकदा जाऊन भिंगातून बघायचं आहे, तिथवर पोचलीय का ते.